पणजीच्या भिंती, बांदिवड्याचे दगड

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावाला समुद्र दूरचा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की अनेक व्यापारी कुटुंबे मुलाबाळांसह गोव्याचा बेत आखतात. तेथे मिरामारच्या वाळूइतक्याच पणजीच्या भिंतीही पाहण्याजोग्या आहेत. बाजारात मारिओ मिरांडा यांच्या रेखाचित्रांतील माणसे भिंतीभर वावरतात. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांच्या १९३५च्या निळ्या फरशांवर पोर्तुगीज महाकाव्यातील प्रसंग चितारलेले आहेत. फोंतेन्हासच्या रंगीत गल्ल्या मुलांना विशेष आवडतात. मात्र ती राहती घरे आहेत, परक्यांच्या उंबऱ्यावर बसून छायाचित्रे काढणे शोभत नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि उपाहारगृहे त्यानंतर गजबजतात. चौविहार पाळणाऱ्यांनी भोजनाची वेळ आधीच सांगून ठेवावी.

एक सकाळ फोंडा तालुक्यातील बांदिवड्यासाठी राखावी. तेथे नेमिनाथ बस्तीचे जांभ्या दगडातील अवशेष उभे आहेत. पणजीच्या भिंतींपुढे गर्दी असते. या भिंतींकडे क्वचितच कोणी वळते, आपली माणसेही नाहीत. तेथे नित्यपूजा नाही. भगवंत कुठे गेले, असे मुले विचारतील. त्यांना गोव्यातील जैन वसतीचा इतिहास सांगता येईल इतके वडीलधाऱ्यांनी निघण्यापूर्वी वाचून ठेवावे.