मंदावलेल्या दिव्याचा हिशेब

२०१५ च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना अमलात आली आणि एलईडी दिवे स्वस्त दराने कोट्यवधी घरांत पोहोचले, ही निःसंशय स्पृहणीय गोष्ट आहे. परंतु त्या स्वस्ताईच्या भरात दिव्याची पारख आपण किंमत आणि वॅट या दोनच बाबींवर करू लागलो, आणि चार-पाच वर्षांनंतर तो किती प्रकाश देईल, हा प्रश्न सरकारी खरेदीतही गौण ठरला.

आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक ज्या एलईडीसाठी लाभले, तिचा प्रकाश मुळात निळा असतो. तिच्यावर सिलिकोनमध्ये कालवलेल्या फॉस्फरचा, बहुधा सीरियमयुक्त यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटचा, जो थर देतात, तो त्यातील काही प्रकाश शोषून पिवळा प्रकाश उत्सर्जित करतो, आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यांस शुभ्रतेचा प्रत्यय येतो. या रूपांतरात शोषलेल्या ऊर्जेचा सुमारे पंचमांश उष्णतेत जातो; तापलेल्या फॉस्फरची क्षमता घटते, घटलेल्या क्षमतेने उष्णता आणखी वाढते, आणि कालांतराने सिलिकोनही पिवळे पडू लागते.

यावर उपाय ज्ञात आहेत: फॉस्फर निळा प्रकाश देणाऱ्या चिपपासून अंतरावर ठेवावा, सिलिकोनऐवजी काचेत किंवा सिरॅमिक पट्टीत बसवावा, उबदार छटेसाठी मिसळल्या जाणाऱ्या, पण आर्द्रतेने बिघडणाऱ्या लाल फॉस्फरच्या कणांना संरक्षक लेप द्यावा. पण जेथे किमान दराच्या निविदेलाच मंजुरी मिळते, तेथे हा जादा खर्च उत्पादकाने कोणत्या आशेने सोसावा?

दिवे निकामी होतात ते बहुधा ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या मंडलाच्या, दोषाने, फॉस्फरमुळे नव्हे, असा आक्षेप जाणकार घेतील, आणि तो यथार्थ आहे. तथापि विझलेला दिवा सर्वांना दिसतो, त्याची तक्रार होते व तो बदलला जातो, तर मंदावलेला दिवा कोणाच्याही लक्षात न येता वीज मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच घेत राहतो. एलईडीचे आयुष्य प्रकाश ७० टक्क्यांवर येईपर्यंत मोजण्याची प्रथा आहे. म्हणजे कागदोपत्री धडधाकट असलेला दिवाही तीन दशांशांपर्यंत प्रकाश गमावून बसलेला असू शकतो.

घरगुती ग्राहकावर महाग दिव्याचा बोजा तूर्त लादू नये. प्रारंभ वर्षाकाठी सुमारे चार हजार तास जळणाऱ्या पथदीपांपासून व्हावा. नगरपालिकांनी कंत्राटदाराच्या अनामत रकमेचा काही हिस्सा पाच वर्षे राखून ठेवावा, मुदतीअखेर रस्त्यावरचा प्रकाश प्रत्यक्ष मोजावा आणि टिकलेल्या प्रकाशाच्या प्रमाणातच ती रक्कम परत करावी. अशी शर्त निविदेत आली, की उत्तम फॉस्फर वापरणे उत्पादकाच्याच हिताचे ठरेल.