‘सर्व्हरचा प्रोसेसर’ या शब्दांची किंमत

पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हल्ली एक मोह हटकून घातला जातो : ‘हा साधा नव्हे, सर्व्हरचा प्रोसेसर आहे. तेवढ्याच पैशांत सोळा कोर!’ पेटीत असतो तो डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला जुना झिऑन. माझे मत आरंभीच सांगतो. बहुतेक विद्यार्थ्यांसाठी हा सौदा तोट्याचा आहे. तो का, हे उमगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

‘झिऑन’ हे नाव इंटेलने १९९८ साली बाजारात आणले. नाव नवे असले तरी आतला कोर घरगुती पेंटियम टूचाच होता. साध्या पेंटियम टूची कॅशे मेमरी प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले, झिऑनची पूर्ण वेगाने. शिवाय एकाच बोर्डावर चार झिऑन बसवता येत. म्हणजे बैल त्याच गोठ्यातले, फक्त गाडी मोठी. ‘सर्व्हरचा म्हणून अधिक वेगवान’ ही समजूत जन्मापासूनच अर्धवट होती.

याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रातल्या संस्थेच्याच इतिहासात सापडतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच मालिकेतला ‘परम पद्म’ मात्र फारसा कुणाला आठवत नाही. त्यात आयबीएमचे ‘पॉवर ४’ जातीचे २४८ प्रोसेसर होते, अस्सल सर्व्हरचे, वेग १ गिगाहर्ट्झ. जून २००३च्या जागतिक यादीत त्याला १७१वे स्थान मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात श्रीनिधी वरदराजन यांच्या पुढाकाराने एक धाडसी प्रयोग झाला. ॲपलचे ११०० ‘पॉवर मॅक जी५’, म्हणजे टेबलावर ठेवायचे संगणक, एकमेकांना जोडून महासंगणक केला गेला. त्यातला ‘पॉवरपीसी ९७०’ हा प्रोसेसर याच ‘पॉवर ४’पासून घडवलेला. वेग मात्र २ गिगाहर्ट्झ! एका सेकंदाला होऊ शकणारी कमाल आकडेमोड ‘पद्म’च्या प्रोसेसरची ४ अब्ज, तर या डेस्कटॉप भावंडाची ८ अब्ज. नोव्हेंबर २००३च्या यादीत हा जुळणीचा संगणक थेट तिसरा आला.

इथेच गोष्ट संपली असती तर सर्व्हरचे प्रोसेसर कुणी घेतलेच नसते. पण २००४ साली विद्यापीठाने ते सारे मॅक काढून त्यांच्या जागी ॲपलचेच ‘एक्ससर्व्ह’ हे सर्व्हर बसवले. कारण होते मेमरी. मॅकमध्ये चूक दुरुस्त करणारी, म्हणजे ईसीसी मेमरी नव्हती. ही मेमरी दर ६४ बिटांमागे ८ बिट राखणदारीला ठेवते. एक बिट आपोआप उलटला तर तो सुधारते, दोन उलटले तर निदान ओरडते तरी. एका संगणकात असा प्रमाद क्वचित घडतो. अकराशे यंत्रे अहोरात्र एकच गणित सोडवत असतील, तर तो कुठे ना कुठे घडणारच, आणि उत्तर चुकले आहे हे कुणाला कळणारही नाही. वेग हवा तेवढा होता, भरवसा नव्हता.

आता त्या ‘सोळा कोर’कडे वळू. २०१२ सालचा झिऑन ई५-२६७० घ्या. त्यात खरे कोर आठच. एकेका कोरला दोन कामे एकदम देता येतात म्हणून सोळा मोजण्याची ही चलाखी. तरी उदारपणे सोळाही खरे धरू. कापसाच्या वेचणीला चाराऐवजी सोळा बाया लावल्या तर शेत लवकर मोकळे होते, हे खरेच. पण जिनिंगच्या फाटकाशी काटा एकच असतो. तिथे गाड्यांची रांग बायांच्या संख्येला जुमानत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली संगणकाविषयी नेमके हेच मांडले.

हिशेब करून पाहा. एका संथ कोरला १०० मिनिटे लागणारे काम आहे आणि त्यातला ३० टक्के भाग वाटून देता येत नाही. सोळा संथ कोर ते सुमारे ३४ मिनिटांत उरकतील. दुप्पट वेगाचे चारच कोर सुमारे २४ मिनिटांत! न वाटता येणारा भाग एकच टक्का असेल, तर मात्र पारडे फिरते : सोळांना सुमारे ७ मिनिटे, चारांना १३. विद्यार्थ्याचे रोजचे काम, म्हणजे ब्राउझर, हिशेबाचे तक्ते, छोटे प्रोग्रॅम, बहुधा पहिल्या प्रकारचे. शेकडो लोकांच्या मागण्या एकाच वेळी पुरवणे, हवामानाचे प्रारूप चालवणे हे दुसऱ्या प्रकारचे. शिवाय तो जुना झिऑन ११५ वॉटचा. वैशाखातल्या विदर्भात एवढी उष्णता खोलीत आणखी ओतणे हा वेगळाच छंद म्हणावा लागेल.

तालुक्यातली पतसंस्था किंवा बाजार समिती यांची गोष्ट निराळी. तिथे शेतकऱ्याच्या चुकाऱ्याचा आकडा बिनबोभाट बदलला तर निस्तरणार कोण? अशा ठिकाणी सर्व्हर अवश्य घ्यावा, पण प्रत्यक्षात उलटे होताना दिसते : प्रोसेसर सर्व्हरचा घेतात आणि पैसे वाचवायला मेमरी साधीच बसवतात. तेव्हा दरपत्रकात कोरच्या संख्येआधी ‘ईसीसी’ ही अक्षरे शोधावीत, आणि ती नसतील तर जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे विक्रेत्याकडून लेखी मागावे.