ठमीचं ताट

बालमित्रांनो, आज आधी एक गणित सोडवा पाहू. बाई एकट्या काट्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा वजन भरलं ५८ किलो ४०० ग्रॅम. मग मांजर कडेवर घेऊन उभ्या राहिल्या, तर भरलं ६१ किलो ३०० ग्रॅम. मांजराचं वजन किती?

२ किलो ९०० ग्रॅम. शाबास!

आता पुढचं. हेच मांजर महिन्यापूर्वी ३ किलो ४०० ग्रॅम होतं. म्हणजे ५०० ग्रॅम कमी झाले. ते का कमी झाले, हे मात्र कुठल्याच वजाबाकीत निघत नाही. मला ते माहीत आहे, कारण चूक माझीच होती. वर्गात तुमच्या चुका रोज तपासते, आज माझी तपासा.

आमची ठमी पांढरी, पाठीवर काळा ठिपका. पावसाळ्यात पडवीत येऊन बसली ती कायमचीच. पिल्लू होती तेव्हा दूध-पोळी खायची. पुढे शाळेतून येताना माझ्या मागे मागे कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानापर्यंत यायला लागली. दुकानातले दादा मोठे प्रेमळ. त्यांनी एकदा कलेजीचा तुकडा टाकला. झालं! त्या दिवसापासून ठमीला दुसरं काही म्हणून चालेना. दूध-पोळी नको, अंडं नको, मासा नको. रोज संध्याकाळी कलेजी. मीही म्हटलं, खाऊ दे. कलेजी किती पौष्टिक! अशी अडीच वर्षं गेली.

मग हळूहळू ठमीचं अंग चाटणं कमी झालं. पाठीवरच्या केसांच्या जटा व्हायला लागल्या. ओट्यावर उडी मारणारी ठमी ओट्याकडे बघत खालीच बसायला लागली. हाक मारली तर नुसती मान वळवायची नाही, सगळं अंगच वळवायची. मला वाटलं, म्हातारी झाली. चार वर्षांचं मांजर आणि म्हातारं! काय म्हणावं मला?

शेवटी पिशवीत घालून तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेला हात लावला तर ती किंचाळलीच. त्यांनी विचारलं, "बाई, खायला काय घालता हिला?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "रोज ताजी कलेजी!"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पुण्याला नेऊन एक्स-रे काढला. मानेचे मणके सुटे सुटे दिसायला हवेत ना? ठमीचे दोन मणके नव्या हाडाने एकमेकांना जोडले गेले होते. जिथे हाड नको, तिथे हाड वाढलं होतं. कशाने? 'अ' जीवनसत्त्वाने!

आता तुम्ही म्हणाल, 'अ' जीवनसत्त्व तर चांगलं असतं. पुस्तकात लिहिलंय, गाजर खा, डोळे चांगले राहतात. खरं आहे. गाजरातल्या केशरी रंगापासून आपलं शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ही कला येत नाही. त्याला ते तयारच लागतं, आणि प्राण्यांच्या यकृतात, म्हणजे कलेजीत, ते भरपूर असतं. पण 'क' जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, तसं 'अ'चं होत नाही. ते शरीरात साठतच राहतं.

मग रानमांजर काय करतं? ते उंदीर खातं, अख्खा. २५ ग्रॅमच्या उंदरात कलेजी असते जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम. बाकी मांस असतं, हृदय असतं, बारीक हाडं असतात. हाडांतून चुना, म्हणजे कॅल्शियम मिळतं. उंदीर म्हणजे मांजराचं वाढलेलं ताटच! आपल्या ताटात डावीकडे चिमूटभर लोणचं असतं, तशी त्यात कलेजी. मी ठमीला अडीच वर्षं नुसतं लोणचं वाढत होते.

आणि ज्यांच्या घरी मांजराला फक्त दूध-पोळी मिळते, त्यांनीही हसू नका हं. टॉरिन नावाचा एक पदार्थ आहे. आपलं शरीर तो बनवतं, मांजराच्या शरीराला तो पुरेसा बनवता येत नाही. तो मांसात असतो, पोळीत नाही, आणि गाईच्या दुधात अगदीच थोडा. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टॉरिन मिळालं नाही तर मांजराच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब होत जातो. पुढे १९८७ साली कळलं, की त्याच्याअभावी मांजराचं हृदयही दुबळं होतं. दूध-पोळीवरची मांजरं जगतात ती बहुतेक आपल्या नकळत उंदीर, पाली मारून ताट पुरं करतात म्हणून. फ्लॅटमधल्या मांजराने कुठे जायचं?

डॉक्टरांनी नवं ताट लिहून दिलं. कोंबडीच्या मांडीचं मांस, थोडं हृदय, अंड्याचा पिवळा बलक, अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड आणि वर त्यांनी दिलेली औषधी पावडर. कलेजी बंद. जोडलेलं हाड काही सुटणार नाही, पण दुखणं कमी होईल, म्हणाले.

मी सगळं केलं. ठमीपुढे ताट ठेवलं. ठमीने वास घेतला, आणि पुढच्या पायाने फरशी उकरायला लागली. आपली शी झाकतात ना मांजरं, तशी ती माझा स्वयंपाक झाकत होती!

आमची आई म्हणाली, "लाडावलीय. राहू दे उपाशी. भूक लागली की गुमान खाईल."

मलाही पटलं. तुमच्यापैकी कितीजणांना हे वाक्य घरी ऐकायला मिळतं? हात वर करा. भेंडीच्या भाजीला ते चालतं. ठमीला चाललं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी सकाळी ती कपाटाखाली पडून होती, तोंडातून लाळ गळत होती. कान उलटा करून पाहिला तर आतली कातडी हळदीसारखी पिवळी.

डॉक्टर मला जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही. तुमचा आपल्या बाईंबद्दलचा आदर कमी होईल. पण त्यांनी जे समजावलं ते सांगते. मांजर काही दिवस उपाशी राहिलं, की अंगातली चरबी सुटून यकृताकडे धावते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी झेपत नाही. ते चरबीने भरून जातं आणि काम थांबवतं. अशाने मांजर दगावतंसुद्धा. आपली एकादशी मांजराला सोसत नाही, बाळांनो.

मग आठ दिवस कोंबडीच्या मांसाची पातळ पेज, सुई नसलेल्या पिचकारीने, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मी रजा टाकली. आईने तर रात्रीचा गजर स्वतःच्या उशाशी ठेवला, आणि 'गुमान खाईल' हे वाक्य पुन्हा काढलं नाही. नवव्या दिवशी वजन केलं. तेच ते २ किलो ९००.

पण त्याच दिवशी ठमीने माझ्या बोटावरची पेज चाटली. स्वतःहून!

मांजरं अशी हट्टी का असतात, ठाऊक आहे? पिल्लूपणी आईजवळ जे चाखलं, जे हुंगलं, ते 'अन्न'. बाकीचं त्यांच्या लेखी अन्नच नव्हे. एका प्रयोगात मांजरींना केळं खायला शिकवलं होतं. तर त्यांच्या शेजारी बसलेली पिल्लंही केळं खायला लागली! इंग्लंडात फेरेट नावाचा मुंगसासारखा लांबोडा प्राणी पाळतात. सशांच्या बिळात सोडून ससे बाहेर काढायला त्याला पूर्वीपासून वापरत आले आहेत. तो तर मांजराच्याही वरताण! पहिल्या काही महिन्यांत ज्या वासांची ओळख झाली तेवढेच त्याचे. मोठेपणी नवं मांस पुढे ठेवलं तर तो ते तोंडात धरून कोपऱ्यात टाकून येईल. त्याचं आतडं एवढं आखूड, की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणजे त्याला उपाशी ठेवणं आणखी वाईट. आणि गंमत बघा, त्याचे मालकही पूर्वी त्याला काय घालायचे? दूध-पाव! आपल्या दूध-पोळीचा भाऊच.

तर आम्ही ठमीला फसवायचं ठरवलं. 'अ' जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून डॉक्टरांना विचारून कलेजीचा एक तुकडा पाण्यात उकळला, थंड करून वरची चरबी काढली, पाणी गाळलं. त्यातलं चमचाभर पाणी नव्या जेवणावर. कलेजी नाही, कलेजीचा नुसता वास! दर आठवड्याला पाणी थोडं कमी. पेज थोडी दाट. मग तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढा मांसाचा कण, मग तुरीच्या दाण्याएवढा.

फ्रिजमधलं गार जेवण ती हुंगायचीसुद्धा नाही. ताजा उंदीर ऊन असतो ना! म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवायची आणि हाताच्या पाठीला कोमट लागली की द्यायची. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलायचं, चार तासांनी पुन्हा ताजं. आणि पुढ्यात बसून 'खा ना, खा ना' करायचं नाही. तुम्हाला तरी कुठे आवडतं?

माझ्या चौथीच्या वर्गाने एक वही घातली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर वजन. आलेख मुलांनीच काढला. पाच आठवडे रेघ वर चढली आणि मग तिथेच अडकली. ३ किलो ५०, ३ किलो ५०, पुन्हा ३ किलो ५०. ठमी ताटाशी यायची, दोन घास खायची, निघून जायची. मी औषध बदललं, मांस बदललं. काही फरक नाही.

वर्गात एक मुलगा आहे, फारसं बोलत नाही. एका शनिवारी तो ठमीपुढे पोटावर झोपून तिचं खाणं बघत होता. मग उठून म्हणाला, "बाई, तिची मान दुखते ना? मग ताट खाली कशाला ठेवता?"

मी गप्पच झाले. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, वही झाली, आलेख झाला, आणि मान वाकवता न येणाऱ्या मांजराला आम्ही रोज वाकून जेवायला लावत होतो! त्याने पिठाचा रिकामा डबा उपडा घातला, त्यावर ताटली ठेवली. ठमी आली. उभ्या उभ्या सगळं संपवलं, आणि ताटली चाटून डब्यावरून खाली पाडली.

आता पालकांशी थोडं. मांजराचं जेवण घरी करणार असाल, तर आपल्या डॉक्टरांना दाखवून करा. तयार खाद्य आणत असाल, तर 'पूर्ण आहार' लिहिलेलं पाहून आणा, त्यात काही कमीपणा नाही. नुसतं हाडाविना मांस घातलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि पिल्लांची हाडं पिचकी होतात. अर्धा किलो मांसाला चहाचा अर्धा चमचा कवचाची पूड, हे आमचं प्रमाण. शिजवलेलं हाड कधीही देऊ नका, त्याच्या धारदार चिरफळ्या होतात. कांदा-लसूण मांजराला विषच, म्हणून आपला रस्सा नको. काही कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तेव्हा मासाही शिजवूनच. कच्चं मांस घालणारे लोक आहेत, पण उघड्यावर टांगलेल्या मांसाचा मला भरवसा नाही. २०२५च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हापासून तर मुळीच नाही. शिजवताना थोडं टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून न देता जेवणातच घाला. आणि मांजराने पुरा एक दिवस तोंडात काही घेतलं नाही, तर आमच्या आईचा सल्ला ऐकू नका, सरळ दवाखाना गाठा.

गेल्या शनिवारी ठमी ३ किलो ३०० ग्रॅम भरली. मान अजून वळत नाही, कधी वळणारही नाही. पाठ चाटता येत नाही म्हणून मुलं पाळीपाळीने तिला विंचरतात. मोडक्या दातांचा एक कंगवा त्यासाठी वर्गाच्या कपाटात ठेवला आहे. ओट्यावर मात्र ती परवा चढली, आधी स्टुलावर आणि मग ओट्यावर. दुकानातले दादा अजून विचारतात, "बाई, कलेजी?" मी म्हणते, "दोन ग्रॅम द्या!" ते हसतात, आणि मांडीचं मांस तोलायला घेतात.

तुमच्या घरी मांजर असेल, तर सात दिवस त्याने काय काय खाल्लं ते एका कागदावर लिहा. चोरून खाल्लेलंसुद्धा! वजन करता आलं तर तेही, वजाबाकी दाखवून. कागद मला पाठवा. पुढच्या महिन्यात त्यातली काही ताटं आपण इथे मांडू.

तुमच्या,
बाई