शौरींना मोठं कुणी केलं?

१९९७ साली अरुण शौरींचं ‘वर्शिपिंग फॉल्स गॉड्स’ आलं. स्वातंत्र्यलढ्यात बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूला होते, त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणणं खोटं, असं सांगणारं. आमच्या ढोकीत पारावर आजही कुणीतरी हेच ऐकवतो. पुस्तक एकानंही वाचलेलं नाही.

मग हा माणूस एवढा चालतो का? १९९० च्या मंडलनंतर सवर्ण मध्यमवर्ग जे घरात कुजबुजत होता, ते त्याला तळटिपांसकट छापून मिळालं. लिहिणारा नावाजलेला संपादक, मॅगसेसेवाला. पूर्वग्रहाला विद्वत्तेचा कोट चढला.

आणि आपण? घोषणा दिल्या. निषेध हवाच. पण नुसत्या निषेधानं पुस्तक खपतं; उत्तरानं उघडं पडतं. उत्तर आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ साली बाबासाहेब मजूरमंत्री झाले म्हणून बोट दाखवतात ना? त्याच खुर्चीतून १९४६ साली त्यांनी कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला. मी गोदीत ओझी वाहतो. तासाची किंमत मला कळते.

पुढचं बघा. हेच शौरी वाजपेयी सरकारात निर्गुंतवणूक मंत्री झाले. २००१ साली त्या सरकारनं बाल्कोचे ५१ टक्के शेअर खाजगी मालकाला विकले. कारखाना खाजगी झाला की नव्या भरतीतलं आरक्षण खलास. देव खरा की खोटा यावर आपण भांडत बसलो, तिकडं नोकऱ्या गेल्या.

दोस्तांनो, शासनानं छापलेले बाबासाहेबांचे खंड उघडा. पुढचा शौरी आपल्या आरडाओरड्यावर पोसू नका.