बांधापलीकडची एक निवडणूक



एरवी या सदरात मी खते, बियाणे आणि कीडरोग यांच्यापलीकडे फारसा जात नाही. आज मात्र थोडा बांध ओलांडून बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले एखादे पोर मुंबईला काका-मामांकडे राहून शिकते आहे, किंवा पुढच्या वर्षी जाणार आहे. त्या पोराची फी, त्याची परीक्षा, त्याच्या वर्गाची वेळ हे सगळे ठरवते कोण, हा आजचा विषय आहे.

मला हा विषय सुचला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. काही कामानिमित्त मुंबईला गेलो होतो आणि लालबागला थोरल्या बहिणीकडे उतरलो होतो. अनंत चतुर्दशी होऊन तीनच दिवस झाले होते. रस्त्यावर मंडपाचे बांबू सोडवण्याचे काम चालू होते. बहिणीचे घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, वर माळा. मेहुणे गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि त्या घराची घडी विस्कटली, ती बहिणीने शिवणकाम करून पुन्हा बसवली. भाचा परळच्या एका महाविद्यालयातून बी.कॉम. झाला आणि आता नोकरीला आहे.

शुक्रवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, रविवारी तुम्हाला भायखळ्याच्या बाजारात नेणार होतो, पण मला आधी मतदानाला जायचे आहे."

"आता कसले रे मतदान? लोकसभा तर उन्हाळ्यात झाली."

"सिनेटचे."

बहीण ताटात भात वाढत म्हणाली, "ह्याला रोज कसले ना कसले मतदान असतेच."

खरे सांगायचे तर सिनेट म्हटल्यावर मला अमेरिका आठवली. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. तीस वर्षे पदवीचा कागद भिंतीवर लावून बसलो आहे, पण विद्यापीठाचा कारभार कोण चालवतो हे कधी विचारले नव्हते. सोसायटीच्या निवडणुकीत कोणत्या वाडीची किती मते, ते मी तोंडपाठ सांगेन. तेव्हा भाच्याकडून धडा घ्यायची वेळ आली, आणि तो मी घेतला. तोच तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

सिनेटला मराठीत अधिसभा म्हणतात. आपल्या विकास सोसायटीची जशी सर्वसाधारण सभा असते, तशी ही विद्यापीठाची मोठी सभा. सोसायटीचे संचालक मंडळ असते, तशी तिथे व्यवस्थापन परिषद असते. अभ्यासक्रमाचे बघायला विद्या परिषद वेगळी. महाराष्ट्रात हा सगळा कारभार २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतो. अधिसभेत कुलगुरू आणि इतर अधिकारी असतात, प्राचार्य, प्राध्यापक व संस्थाचालक यांचे प्रतिनिधी असतात, आणि दहा जागा असतात नोंदणीकृत पदवीधरांच्या. म्हणजे विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली आणि मतदार यादीत नाव घातलेली साधी माणसे हे दहा जण निवडतात. त्यांतल्या पाच जागा खुल्या, पाच राखीव. राखीव जागांत एक महिलांची. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, नावांपुढे पसंतीचे आकडे घालायचे असतात. पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे.

ही अधिसभा वर्षातून निदान दोनदा भरते. विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि लेखे तिच्यापुढे येतात. मुंबई विद्यापीठाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प नऊशे कोटी रुपयांच्या पुढचा होता. बंधूंनो, दोन जिल्ह्यांच्या दूध संघांचा हिशेबही इतक्या शांततेत मंजूर होत नसेल.

आता त्या निवडणुकीचे काय झाले ते ऐका. आधीच्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली होती. २०२३ मध्ये नवी निवडणूक लागली, नव्वद हजारांच्या वर नावांची यादी झाली. मग तक्रार आली की यादीत नावे दुबार आहेत, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणूक पुढे ढकलली. पुन्हा नोंदणी झाली. अखेर तारीख ठरली २२ सप्टेंबर २०२४, रविवार. तोच भाच्याचा रविवार.

आमची जेवणे उरकत होती तेवढ्यात त्याच्या फोनवर निरोप आला की निवडणूक पुन्हा स्थगित. शासनाचे पत्र आले आणि विद्यापीठाने त्याच रात्री परिपत्रक काढले. मतदानाला दीड दिवस राहिला होता. भाचा काही बोलला नाही, गच्चीवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने स्थगिती उठवली आणि मंगळवारी, २४ तारखेला मतदान घ्यायला सांगितले. मंगळवार म्हणजे कामाचा दिवस. भाच्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मत देऊन आला. मतमोजणी २७ तारखेला झाली. दहाही जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. २०१८ मध्येही दहाच्या दहा युवासेनेच्याच होत्या. कोण जिंकले, चांगले की वाईट, ते या सदरात सांगण्याचे मला कारण नाही. माझे लक्ष गेले ते दुसऱ्याच आकड्याकडे.

मतदार यादीत नावे होती १३,४०६.

हे विद्यापीठ १८५७ सालचे. मुंबई शहर आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा त्याचा पसारा. नऊशेच्या आसपास महाविद्यालये. दर वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचीच गणती लाखात जाते. आणि सगळ्या सात जिल्ह्यांत मिळून मतदार साडेतेरा हजारसुद्धा नाहीत. त्यांतले पंचावन्न टक्क्यांच्या आसपास मतदानाला आले. आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाला याहून जास्त सभासद आहेत! मी भाच्याला विचारले, "आपल्या गावचे किती जण या यादीत असतील?" तो हसला. गावात मुंबई विद्यापीठाचे पदवीधर पस्तीस-चाळीस तरी आहेत. त्यांपैकी नाव घातलेला त्याच्या माहितीत एकही नव्हता.

तुम्ही म्हणाल, साहेब, आम्हाला त्या सभेशी काय करायचे आहे? तर २०१७ साल आठवा. त्या वर्षी विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचे ठरवले. तयारी पुरी नव्हती. उन्हाळ्यात झालेल्या परीक्षांचे निकाल महिनोन् महिने लांबले, काहींचे तर सप्टेंबरपर्यंत लागले नाहीत. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. एवढ्या जुन्या विद्यापीठात असे पूर्वी कधी झाले नव्हते. नवे यंत्र शेतात आणायचे तर आपण आधी एका वाफ्यात चालवून बघतो. त्या वेळी हा प्रश्न सभेत उठून, नेट धरून विचारणारी माणसे पुरेशी असती, तर काय झाले असते कोण जाणे.

पण अधिसभा दूर फोर्टात, राजाबाई टॉवरच्या सावलीत भरते, असे धरून तिला क्षणभर बाजूला ठेवू. त्याहून जवळची एक समिती आहे आणि ती आपल्याला मुळीच ठाऊक नसते. प्रत्येक संलग्न महाविद्यालयात 'महाविद्यालय विकास समिती' असते. तीत संस्थेचे अध्यक्ष व सचिव किंवा त्यांनी नेमलेली माणसे, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव अशी माणसे असतात, आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. शिवाय चार स्थानिक माणसे असतात आणि त्यांत एक तरी माजी विद्यार्थी असावा लागतो. वर्षातून चार वेळा तरी सभा झाली पाहिजे असा नियम आहे. खर्चाचे अंदाज, नवे अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांच्या सोयी या गोष्टी तिथे बोलल्या जातात.

या समितीची ओळख मला एका दुःखाच्या गोष्टीतून झाली. आमच्या शेजारच्या गावचे एक शेतकरी आहेत. दीड एकर भात आणि थोडी काजूची लागवड. त्यांचा मुलगा गिरगावात आत्याकडे राहून मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकत होता. सकाळी वर्ग आणि दुपारपासून एका दुकानात नोकरी. त्या पगारातून तो स्वतःची फी भरून वर घरी पैसे पाठवी. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला महाविद्यालयाने सकाळची तुकडी बंद करून दुपारी नेली. मुलापुढे दोनच वाटा राहिल्या, नोकरी सोडा किंवा वर्ग सोडा. त्याने वर्ग सोडला. घरी चार महिने सांगितलेच नाही.

कळल्यावर वडील रात्रीच्या गाडीने गेले. महाविद्यालयात कोणी तरी त्यांना समितीतल्या एका स्थानिक सभासदाकडे पाठवले. तो निघाला आमच्याच तालुक्यातला, परळला तीस वर्षे राहणारा चाकरमानी! त्याने यांना चहा पाजला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आधी का नाही आलात? हा विषय दोन सभांत होता. सकाळी मुले कमी येतात असा कागद आमच्यासमोर आला. नोकरी करणारी मुले किती, हे कोणी सांगितलेच नाही. सूचना महिनाभर फळ्यावर लावली होती."

मुलाने फळा वाचला नव्हता. वडिलांना फळा आहे हेच माहीत नव्हते. मुलगा पुढे दूरशिक्षणाने पदवीधर झाला, पण दोन वर्षे उशिरा. ती दोन वर्षे त्या घराला फार जड गेली.

वर्गाची वेळ ही गोष्ट वाटते किरकोळ, पण ती किरकोळ नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवण्यात आले. दिवसा पोट भरणाऱ्या मुलांना शिकता यावे हा त्यामागचा हेतू. कारभार पाहणाऱ्यांनी हा एक निर्णय घेतला आणि कारकुनी, मजुरी करणारी कितीतरी मुले त्या वर्गांतून पदवीधर होऊन निघाली. गिरणगावात रात्रशाळा चालल्या त्याही अशाच कोणाच्या तरी निर्णयामुळे. निर्णय घेणाऱ्यांसमोर गरजेचे चित्र होते म्हणून तो तसा झाला.

भाचा सांगत होता की अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' म्हणून दोन वर्षांच्या शिक्षणाची महाविद्यालये असतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्यांचे जिल्हे पाडलेले आहेत, आणि त्या जिल्ह्यात राहणारे मतदार, मग ते शिकलेले असोत वा नसोत, महाविद्यालयाचे विश्वस्त निवडून देतात. म्हणजे सगळ्या गावाला मत. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते, ते पुष्कळांना ठाऊक आहे. पोर बारावी ओलांडून गेले की पालकाचा धागा तुटतो. आपण फीची पावती तेवढी जपून ठेवतो.

म्हणून थोड्या कामाच्या गोष्टी सांगतो. तुमच्या घरात किंवा भावकीत विद्यापीठाचा पदवीधर असेल, सून असेल, जावई असेल, तर त्याला विचारा की पदवीधर मतदार म्हणून नाव घातले आहे काय. मागची नोंदणी होती म्हणून पुढच्या वेळी नाव असेलच असे धरू नये. २०२३ च्या यादीचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि राहण्याचा पुरावा पेटीतून वर काढून ठेवावा, नोंदणीची जाहिरात आली की धावपळ होते. सुनांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पदवी माहेरच्या नावाने आणि बाकीचे कागद सासरच्या नावाने. विवाह नोंदणीचा दाखला त्याच पेटीत असू द्या.

मुलाला महाविद्यालयात घालताना फी विचारता, वसतिगृह विचारता, तसे विकास समितीत स्थानिक सभासद कोण आहेत तेही विचारा. नावे सांगणे यात लपवण्यासारखे काही नाही. मुंबईच्या महाविद्यालयात त्यातले एखादे नाव आपल्या ओळखीच्या मंडळाचे, गावच्या मुंबईकरांपैकी कोणाचे निघण्याचा संभव पुष्कळ. लालबाग-परळच्या प्रत्येक गावमंडळाची वर्षाची सभा होते, तीत देवळाच्या जीर्णोद्धारावर दोन तास बोलणे होते. मुलांच्या शिक्षणावर पंधरा मिनिटे बोलायला कोणी हरकत घेणार नाही. आणि पोराला सांगून ठेवा की आठवड्यातून एकदा फळा वाच.

आमच्या कृषी विद्यापीठांचा कायदा निराळा, १९८३ चा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही ठिकाणी कार्यकारी परिषद असते आणि तीत शेतकऱ्यांनाही जागा असते. तुमच्या भागातून तिथे कोण बसले आहे ते मला विचारणारी पत्रे आली, तर तो विषय एकदा सविस्तर घेईन. मीही तो अलीकडेच वाचू लागलो आहे.

भाच्याने मंगळवारी रात्री घरी आल्यावर मला विचारले, "मामा, दापोलीचे तुमचे मत कुठे असते?" मी म्हटले, "शोधून सांगतो." बहीण म्हणाली, "आता हा पण!"

पुढील अंकी भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल आणि कुळीथ कसे घ्यावेत, याविषयी लिहीन. कुळथाचे घरचे बियाणे असेल तर ते एकदा उन्हात देऊन निवडून ठेवावे.