विसरण्याचे अवाजवी कौतुक

कलाकृतीत ‘हरवून जाणे’ ही तिच्या थोरवीची खूण मानण्याची जुनी खोड आपल्याला जडलेली आहे. या खोडीचे सर्वांत उघडे रूप पाहायचे असेल तर कादंबरी किंवा नाटक यांच्याकडे न जाता, उत्तर युरोपात गेल्या तीन दशकांत विशेष फोफावलेल्या एका खेळाकडे पाहावे. ‘लाइव्ह ॲक्शन रोलप्लेइंग’, संक्षेपाने ‘लार्प’, हे त्याचे नाव. त्यात बहुधा रंगमंच नसतो, प्रेक्षक नसतो, लिहिलेले संवादही नसतात. काही तास वा काही दिवस माणसे एका कल्पित जगातील पात्रे होऊन वावरतात, भांडतात, निर्णय घेतात. जगाचे नियम आणि पात्रांचे पूर्ववृत्त तेवढे आधी ठरलेले असते.

हा पोरखेळ आहे असे समजून साहित्याच्या अध्यापकांनी पाठ फिरवू नये. १९९७ साली ऑस्लो येथे ‘क्नुटेपुंक्ट’ ही परिषद सुरू झाली आणि पुढे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड अशी फिरत राहिली. तिच्या निमित्ताने या प्रकाराची गंभीर समीक्षा उभी राहिली, जाहीरनामे निघाले, वाद झडले. त्यांतला एक वाद आपल्या ओळखीचा आहे.

फिनलंडच्या माइक पोह्योला यांनी सहस्रकाच्या वळणावर ‘तुर्कू संप्रदाया’चा जाहीरनामा लिहिला. खेळाडूने पात्राशी पूर्ण समरस व्हावे, हीच त्यात या कलेची परमावधी ठरते. या भूमिकेला पुढे एक जोडीदार मिळाला: चहूबाजूंनी अखंड, तीनशे साठ अंशांच्या आभासाचा आग्रह. जे दिसते ते खरेच असावे, म्हणजे खेळाडूला स्वतःचा विसर पडेल. २०१३ साली स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे ‘द मॉनिटर सेलेस्ट्रा’ हा अंतराळयानावरचा खेळ एका खऱ्या, निवृत्त विनाशिकेवर खेळला गेला, तो याच ओढीतून.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप जहाजावर नाही, विसरण्यावर आहे. स्वतःला विसरलेला खेळाडू पात्रापर्यंत पोहोचतो, हे गृहीतकच चूक आहे. पात्राला स्वतःचे शरीर नाही, सवयी नाहीत, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत. त्या सगळ्या खेळाडूच्याच असतात. म्हणून सावधपण सुटले की हाती लागते ते पात्र नव्हे, आपलीच जुनी सवय. विसरणे माणसाला कल्पित जगात नेत नाही, घरी परत आणते.

उदाहरण घेऊ. २००३ साली स्वीडनमध्ये उर्सुला ले ग्विन यांच्या विज्ञानकथांतून प्रेरणा घेतलेला ‘मेलन हिमेल ओक हाव’ (‘आकाश आणि सागर यांच्यामध्ये’) हा खेळ झाला. त्या जगात स्त्री-पुरुष हा भेद अर्थशून्य होता. माणसे ‘सकाळची’ किंवा ‘संध्याकाळची’ असत आणि विवाह चौघांचा होई. शृंगारासाठी एक संकेत ठरवला होता: हात, दंड, खांदे व मान यांचा स्पर्श म्हणजे प्रणय. येथे समरसतेच्या भरात भान हरपलेला खेळाडू काय करील? जन्मभर गिरवलेले स्त्री-पुरुषपणच करील. त्या जगात टिकेल तो प्रत्येक क्षणी नियम आठवणारा खेळाडू. विश्वरचना म्हणजे पडदे आणि पोशाख नव्हेत. कोणी कोणापुढे मान झुकवायची, कोणता स्पर्श काय सांगतो, याची ती घडी आहे. ही घडी स्मरणावर उभी असते, विस्मरणावर नव्हे.

यावर असे म्हटले जाईल की सतत नियम आठवणाऱ्याला भावना कुठून येणार? २०११ साली नॉर्वेत प्रथम झालेला ‘जस्ट अ लिटल लव्हिन’’ हा खेळ याचे उत्तर देतो. न्यूयॉर्कमधील एड्सच्या साथीचा आरंभ हा त्याचा विषय. १९८२, १९८३ व १९८४ मधील चार जुलैच्या मेजवान्या हे त्याचे तीन अंक. अंकांच्या मध्ये खेळ थांबतो, खेळाडू पात्राबाहेर येतात, कोणाचे काय झाले हे मृत्यूच्या सोडतीतून ठरते. आभास इतका उघडपणे मोडूनही त्याचे खेळाडू शोकाच्या तीव्र अनुभवाविषयी बोलत आले आहेत. भावनेला विसराची गरज नसते.

आपल्याकडे हे कोणी सांगितलेच नव्हते असे नाही. १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचे, पण स्वतःची भूमिका न सोडता, आनंद या दुहेरीपणाचा. केळकर वाचकाविषयी बोलत होते, खेळाडू तर कर्ता आहे, असा आक्षेप संभवतो. पण कर्त्याला दुहेरीपण अधिकच लागते. समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी पात्राचे की माणसाचे, हे ओळखून थांबायचे कोणी? पात्र थांबणार नाही; त्याला हा खेळ आहे हे ठाऊकच नाही.

आणि प्रश्न केवळ सुरक्षिततेचा नाही, नीतीचा आहे. २०१३ साली फिनलंडमध्ये फिनिश व पॅलेस्टिनी आयोजकांनी मिळून ‘हालत हिसार’ रचला. त्याच्या पर्यायी इतिहासात फिनलंडच परकीय ताब्यात होता. या रचनेचे मोल तुलनेत आहे, आणि तुलनेला दोन्ही टोके जागी लागतात. ‘मी व्याप्त प्रदेशात जगून आलो’ असे म्हणणारा खेळाडू रविवारी घरी जातो. ज्याचे जगणे त्याने उसने घेतले तो घरी गेला तरी तपासणी नाक्यावरूनच जातो. हा फरक विसरायला लावणारी समरसता सहानुभूती नव्हे, ती उचलेगिरी आहे.

आपल्या वर्गांतही हीच उचलेगिरी चालते. ‘बलुतं’ वाचताना मीच दगडू झालो, असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला आपण गुण देतो. वास्तविक तेथेच विचारायला हवे की तू दगडू झालास, तर मग त्याच्यासमोर उभा असलेला, त्याला उत्तर देणे लागणारा तू कुठे गेलास?