झाकण गेले, राखण उरली

आमच्या ओळखीच्या एका पेट्रोल पंपावर, हवेच्या मशीनशेजारच्या टेबलाखाली, विसरलेल्या झाकणांचा एक डबा आहे. पैसे स्कॅन केले, काच वर केली, गाडी निघाली. टाकीचे झाकण राहिले मशीनच्या डोक्यावर. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक आपल्या गॅरेजच्या दारात येते. ‘एखादे जुने झाकण असेल तर बघा ना.’ आपणही खोक्यात हात घालतो, आटे जुळतील ते झाकण फिरवून देतो. बसले ना, मग झाले!

इथेच आपले चुकते. आजच्या गाडीचे झाकण म्हणजे बाटलीचे बूच नव्हे. टाकीतली वाफ बाहेर निसटू न देता कोळशाच्या कॅनिस्टरकडे जायला लावायची, तर तोंड घट्ट मिटलेले हवे. टाकीत निर्वात पोकळी झालीच तर हवा आत घ्यायची, तर झाकणात व्हॉल्व्ह धड हवा. आटे जुळले म्हणून यातले काहीच सिद्ध होत नाही. आणि विसरणारा माणूस तर कायमचाच विसरणारा.

या विसरण्यावरचा एक उपाय म्हणजे झाकणच काढून टाकणे. फोर्डने तो २००५ च्या जीटी या स्पोर्ट्स कारमध्ये केला आणि २००८ च्या एक्सप्लोररपासून ‘ईझी फ्युएल’ या नावाने रोजच्या गाड्यांत आणला. पुढे इतर कंपन्यांनीही ही वाट धरली. बाहेरचे दार उघडले की आत स्प्रिंगवरची झडप दिसते. योग्य जाडीचा नोझल आत गेला की बाजूच्या खिट्ट्या एकदम मागे सरतात आणि झडप उघडते. नोझल काढला की स्प्रिंग तिला पुन्हा सीलवर दाबून बसवते. डिझेल गाडीत याचा आणखी एक फायदा करून घेता येतो: पेट्रोलचा नोझल डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असतो, त्याला खिट्ट्या दाद देत नाहीत. डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेल्यावर टाकी उतरवून धुण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

विक्रीच्या पत्रकात मात्र या सोयीचे वर्णन ‘हात खराब होत नाहीत’ असे होते. अमेरिकेत ते ठीक आहे. तिथे न्यू जर्सी सोडले तर जवळपास सगळीकडे ग्राहक स्वतः नोझल धरतो. आपल्याकडे नोझल धरतो पंपावरचा माणूस आणि मालक ‘झिरो बघा’ म्हटल्यावर सीटवरूनच मान वळवतो. हात त्याचे आधीच स्वच्छ होते. त्यामुळे आपण ही झडप सोय म्हणून न पाहता गाडीचा एक नवा, हलणारा, झिजणारा भाग म्हणून पाहावी, हे या महिन्याचे सांगणे.

कारण झाकण गेले तरी वाफ कोंडण्याचे काम उरलेच आहे. ते आता माणसाच्या मनगटाकडून एका स्प्रिंगकडे आणि रबराच्या कडेकडे गेले. त्या कडेवर धुळीचा कण बसला की वाट मोकळी. अमेरिकेत हे लपत नाही. तिथे १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीचे आहे, गाडीचा संगणक टाकीची गळती स्वतः तपासतो, आणि पी०४५७ हा कोड तर झाकण सैल किंवा गायब असल्याचाच आहे. झाकण नसलेल्या फोर्डमध्ये ‘इंधन भरण्याचे तोंड तपासा’ अशा अर्थाचा संदेश येतो. मॅन्युअलमधला उपाय साधा आहे: नोझल किंवा गाडीसोबत मिळालेले नरसाळे काही वेळा आत-बाहेर करा, अडकलेला कचरा सुटेल.

आपले भारत स्टेज नियम युरोपच्या वळणाचे. त्यात कॅनिस्टरच्या पर्ज व्हॉल्व्हचे विजेचे सर्किट शाबूत आहे ना, एवढे बघणे पुरते. गळती हुडकण्याची सक्ती नाही. प्रमाणपत्रासाठी बीएस-६ पेट्रोल गाडी बंद चेंबरमध्ये उभी करून तिची वाफ मोजतात आणि ती २ ग्रॅमच्या आत लागते, पण ती परीक्षा नव्या गाडीची. पाच पावसाळे खाल्लेल्या गाडीची झडप गळते आहे हे सांगायला आपल्याकडे बहुधा दिवा लागणार नाही. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये जाते, टाकीकडे फिरकत नाही. उरते ते मिस्त्रीचे नाक आणि बॅटरीचा प्रकाशझोत.

दुसरा प्रसंग घाटातला. कसाऱ्याच्या चढावर पेट्रोल संपते, कोणीतरी दुचाकीवरून बाटलीत लिटरभर आणून देतो. बाटली टेकवली तर झडप उघडत नाही, ओतले तर बंपरवर. नरसाळे? ते पॅकिंगचे प्लास्टिक समजून पहिल्याच महिन्यात फेकलेले. मग स्क्रू-ड्रायव्हर पुढे येतो. खिट्टी वाकते, झडप अर्धवट मिटते आणि ते काम आपल्याकडे येते. झाकण वेगळे विकत मिळते; ही झडप अनेक गाड्यांत फिलर नेकसकट बदलावी लागते. त्या एका लिटराचा हिशेब मग गिऱ्हाईकाला समजावून सांगत बसा.

करायचे फार नाही. सर्व्हिसला आलेल्या अशा गाडीचे इंधनाचे दार उघडून झडपेची कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. ग्रीस किंवा तेलाचा फवारा मारू नका. आज झडप गुळगुळीत हलेल, पण उद्या त्यावरच धूळ चिकटेल. दारामागच्या कप्प्यातले पाणी खाली नेणारी बारीक नळी पावसाळ्याआधी मोकळी करा. ती चिखलाने बुजली तर पाणी झडपेवरच साचते आणि पुढचा नोझल ते सोबत घेऊन आत जातो. ई-२० च्या दिवसांत टाकीत पाणी जाणे अधिकच महाग, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि प्रमाण वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. आणि गाडी परत देताना नरसाळे डिकीत नेमके कुठे आहे, ते मालकाला हाताने दाखवा. तोंडी सांगितलेले घाटात आठवत नाही.

पंपावरचा तो डबा हळूहळू रिकामा होईल. आपल्या जॉब कार्डावर मात्र एक ओळ वाढायला हवी: ‘टाकीची झडप पुसली, नरसाळे जागेवर.’